सापसुरळीची पापणी : मोताळ्यातल्या व्याख्यानाचे शब्दांकन

आज बोलायचं आहे ते सापसुरळीबद्दल. कुणी तिला सापाची मावशी म्हणतं. नावातच साप आला, त्यामुळे काठीही लगेच येते. राजूर घाट उतरून इकडे येताना आम्ही बांधावर एक मेलेली सापसुरळी पाहिली. डोक्याचा पार चेंदा झालेला. शेतातल्या दादांना विचारलं, तर म्हणाले, "विषारी असते ना ती, चावली तर पाणी मागू देत नाही." तर आधी तेच स्पष्ट करू. सापसुरळी विषारी नाही. तिला विषदंत नाहीत, विषाची ग्रंथीही नाही. तिचं बहुतेक खाणं म्हणजे किडे, नाकतोडे, कोळी.

मग साप आणि ती वेगळी कशी ओळखायची? पाय तर दिसतातच. पण गवतात पाय दिसले नाहीत, तर चेहरा बघा. सापाला हलणारी पापणी नसते, सापसुरळीला असते. डोळ्यामागे कानाचं छिद्र असतं, ते सापाला नसतं. अंग इतकं चकचकीत का? खवले गुळगुळीत कडांचे आणि घरावरच्या कौलांसारखे एकावर एक बसवलेले असतात, आणि प्रत्येक खवल्याखाली हाडाच्या बारीक चकत्या असतात. म्हणजे बाईसाहेब चिलखत घालून फिरतात. शेपूट मात्र मुद्दाम कच्ची ठेवलेली. शेपटीच्या मणक्यांमध्ये तुटायच्या जागा ठरलेल्या असतात. शत्रूने धरली की तिथून सुटते, वळवळत राहते, आणि मालकीण पसार. पुन्हा येते त्या शेपटीत मणके नसतात, कूर्चेचा दांडा असतो.

आता वर्गीकरण. पूर्वीची पुस्तकं उघडली तर आपल्याकडच्या नेहमीच्या सापसुरळीचं नाव मॅबुया कॅरिनाटा असं मिळेल. नव्या पुस्तकांत तेच युट्रोपिस कॅरिनाटा. प्राणी तोच, मग नाव का बदललं? मॅबुया या एकाच प्रजातीत आशिया, आफ्रिका आणि अमेरिका इथल्या सापसुरळ्या कोंबल्या होत्या. 2002 साली माउसफेल्ड आणि सहकाऱ्यांनी डीएनए तपासून दाखवलं की या खंडोखंडीच्या शाखा वेगवेगळ्या आहेत. मग वाटणी झाली. वाटणीत घराचं नाव कुणाकडे जातं? ज्या जातीवरून ते पहिल्यांदा दिलं गेलं तिच्याकडे. ती अमेरिकेतली निघाली. आशियातल्यांना फिट्झिंगरने 1843 साली सुचवलेलं, अडगळीत पडलेलं युट्रोपिस मिळालं. पुढे 2012 मध्ये बंगळूरच्या दत्ता-रॉय, कारंथ वगैरे मंडळींनी दाखवलं की या सापसुरळ्यांचे पूर्वज आग्नेय आशियाकडून भारतात आले आणि इथे त्यांच्या अनेक जाती झाल्या.

पण डीएनए प्रयोगशाळेत. शेतात काय करायचं? शेतात खवले मोजायचे. पाठीच्या एकेका खवल्यावर उभे कंगोरे असतात. कॅरिनाटामध्ये बहुधा तीन, कधी पाच किंवा सात. तिच्याहून बरीच लहान अशी मॅक्युलारिया, तिच्यात पाच ते नऊ. बघा, पाच आणि सात दोघींतही सापडतात! म्हणून एका खुणेवर भरवसा ठेवायचा नाही. अंगाभोवतीच्या खवल्यांच्या रांगा, डोक्यावरच्या पट्ट्या, पापणी, हे सगळं जुळवायचं. पापणी विशेष. या दोघींची खालची पापणी खवल्यांनी झाकलेली असते. डिसिमिलिस नावाच्या जातीत मात्र पापणीत एक पारदर्शक खिडकी असते. डोळा मिटूनही तिला उजेड दिसत असणार. आणि उकिरड्याजवळ लालभडक शेपटीचं, इवल्या पायांचं गुळगुळीत पिल्लू दिसलं, तर ते वेगळ्याच प्रजातीचं, रायोपाचं.

रंगावर तर अजिबात जाऊ नका. विणीच्या काळात नराच्या अंगावर तांबडा रंग चढतो, आणि लोक म्हणतात, "ही तांबडी जास्त विषारी." ती फक्त नवरदेवाची हळद आहे.

विदर्भाचं नाव या यादीत कायमचं आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आपण पश्चिम टोकाला. पूर्वेकडे गडचिरोलीत आलापल्लीचं जंगल आहे. रूझवेल्ट बंधूंच्या आशिया मोहिमेत मिळालेल्या नमुन्यावरून कार्ल श्मिट या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1926 साली तिथल्या सापसुरळीला अल्लापल्लेन्सिस असं नाव दिलं. हेच श्मिट 1957 मध्ये आफ्रिकेतला बूमस्लँग साप चावून गेले, आणि मरेपर्यंत स्वतःची लक्षणं वहीत लिहीत राहिले. विष काय असतं हे त्यांच्याइतकं कोण सांगणार?

ज्ञानगंगा अभयारण्य आपल्या दाराशी आहे, पण सापसुरळ्या तिथल्याइतक्याच आपल्या बांधांवर, विहिरीच्या कठड्यांवर असतात. काठीने चेंदलेल्या डोक्यावर पापणी दिसत नाही, पट्ट्या मोजता येत नाहीत. ती कोणती होती हे मग कुणालाच कळत नाही. बांधावरच्या त्या सापसुरळीचं आम्हालाही कळलं नाही. म्हणून पुढच्या वेळी ती दिसली की काठीऐवजी मोबाइल काढा. पकडायची गरज नाही. एक फोटो वरून, पाठीचे कंगोरे दिसतील असा. एक बाजूने, डोळा आणि कान स्पष्ट येतील असा. शेजारी एखादं नाणं किंवा काडेपेटी पडलेली असली तर आकारही कळेल. सकाळी उन्हात ती निवांत बसते, तेव्हा फोटो चांगला येतो. दुपारी मात्र हाती लागायची नाही. चला, आता प्रश्न घेऊ.