तिरळा डोळा : नशिबाचा नव्हे, उपचाराचा प्रश्न

"आमच्या घराण्यातच आहे ताई. आणि तिरळा डोळा भाग्याचा असतो!" ताडीवाला रोडच्या वस्तीत एका आजींनी आम्हाला सांगितले. चार वर्षांच्या नातीचा डावा डोळा नाकाकडे वळलेला होता. आम्ही तिचा उजवा डोळा तळहाताने झाकला, तर ती रडू लागली, हात ढकलू लागली. डावा झाकला, तर खुशाल खेळत राहिली. डाव्या डोळ्याने तिला नीट दिसतच नव्हते आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

आजींचे अर्धे खरे होते. तिरळेपणा घराण्यात असू शकतो. पण त्यात भाग्य काही नाही.

प्रत्येक डोळा सहा स्नायूंनी हलतो. दोन्ही डोळे एकाच जागी पाहतात, तेव्हा मेंदू दोन चित्रे जोडून एक करतो. एक डोळा वळला की चित्रे जुळत नाहीत. मग लहान मुलाचा मेंदू वळलेल्या डोळ्याचे चित्र बंद करून टाकतो. वापर नाही म्हणून त्या डोळ्याची नजर मंदावते. यालाच 'आळशी डोळा' म्हणतात. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत नजर घडत असते. म्हणून "मोठी झाली की सुधारेल" असे म्हणत थांबणे महागात पडते.

पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाचे डोळे अधूनमधून वळणे चालते. त्यानंतर वळत असतील, किंवा डोळा सतत वळलेलाच असेल, तर लगेच दाखवा. बुबुळात पांढरी चमक दिसली तर एक दिवसही थांबू नका. तो डोळ्याचा कर्करोगही असू शकतो.

काही मुलांचा डोळा नुसत्या चष्म्याने सरळ होतो. नजर मंद असेल तर चांगल्या डोळ्यावर डॉक्टर सांगतील तितके तास पट्टी लावतात. काहींना ऑपरेशन लागते. त्यात डोळा बाहेर काढत नाहीत, फक्त स्नायू सैल किंवा घट्ट करतात. ऑपरेशननंतरही चष्मा-पट्टी लागू शकते.

मोठ्यांचेही ऑपरेशन होते. वय उलटले असे समजू नका. मात्र मोठ्या माणसाचा डोळा अचानक वळला, एकाचे दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मागे मधुमेह, रक्तदाब किंवा मेंदूचा आजार असू शकतो.

पुण्यात ससून रुग्णालयात नेत्रविभाग आहे. हडपसरजवळ महंमदवाडीत ह. वि. देसाई नेत्र रुग्णालय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणी होते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. खर्चाची अडचण असेल तर रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. महापालिकेच्या शहरी गरीब योजनेबद्दलही विचारा.

ती नात आता चष्मा लावते. पट्टीचे तास आजीच सांभाळतात, गोष्टी सांगत. गल्लीतली पोरे तिला 'चकणी' म्हणत. आजींनी त्यांना नावाने हाक मारायला शिकवले. येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात आपापल्या लेकरांचा एकेक डोळा झाकून पाहा. खेळ म्हणून करा, पण करा. शंका आली तर डॉक्टरांकडे चला. आम्ही सोबत येऊ.

जय भीम.