गोटू का चावायचा?

धारला आत्याकडे गोटू नावाचा कॉकाटिएल होता. आत्येभावाला नोकरीसाठी बाहेरगावी जावे लागले, म्हणून मी त्याला हौसेने देवासला आणले. इंदूरमार्गे प्रवास, नवे घर, नवी माणसे. पहिल्याच संध्याकाळी मी पिंजऱ्यात हात घातला आणि त्याने बोटातून रक्त काढले. आठवडाभरात आईचाही नंबर लागला. बाबा म्हणाले, "रविवारी परत सोडून येऊ."

मी पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली.

आजीने विचारले, "चावण्याआधी तो काय करतो, पाहिलंस का गं?" पाहिलेच नव्हते! मग दोन दिवस नुसती बघत बसले. हात जवळ आला की त्याचा तुरा मागे चपटा व्हायचा, अंग आकसायचे, मग फिस्कारायचा. म्हणजे तो आधी तीनदा सांगत होता, आम्हाला कळत नव्हते म्हणून चावत होता. कॉकाटिएल मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तिथे ससाण्यासारखे शिकारी पक्षी त्याच्यावर वरून झडप घालतात. आमचा हातही वरूनच यायचा.

मग पिंजरा वर्दळीतून हलवून भिंतीलगत, आमच्या नजरेच्या उंचीवर ठेवला. मी रोज शेजारी बसून हळू आवाजात पेपर वाचायची. तो शांत झाला की गजांतून राळ्याचे कणीस पुढे करायची. तुरा चपटा झाला की तिथेच थांबायचे. ओरडायचे नाही, चोचीवर टिचकी मारायची नाही. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे, बस्स.

पंधराव्या दिवशी गोटू बोटावर बसला नाही, पण माझ्या हातातून दाणे खाल्ले. ते बघून बाबांनीच मुदत वाढवली. दीड महिन्याने पोटाशी बोट नेल्यावर तो स्वतःहून चढला.

तुमचाही पक्षी चावत असेल, तर आधी त्याचे इशारे ओळखा. माणसाळलेला पक्षी अचानक चावू लागला, तर पशुवैद्याला दाखवा. दुखण्यानेही पक्षी चावतो. आणि एक लक्षात ठेवा: वाड्यातल्या पिंजऱ्यात असायचा तो आपला देशी मिठू आता घरी पाळता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे.

पाहुणे आले की गोटू अजून फिस्कारतो. आता आम्ही पाहुण्यांनाच सांगतो, "जरा लांबूनच बघा हं!"