लैंगिक आरोग्याचे ज्ञान : प्रयोगशाळेतून लोकांपर्यंत

गर्भनिरोधक गोळी आरोग्य केंद्रात उपलब्ध असणे आणि ती केव्हा व कशी घ्यावयाची हे ती घेणाऱ्या स्त्रीस नेमके ठाऊक असणे, या दोन वेगळ्या बाबी आहेत. पहिलीसाठी कारखाना आणि वितरण व्यवस्था पुरेशी ठरते. दुसरीसाठी संशोधनातून हाती आलेले ज्ञान सामान्य व्यक्तीच्या भाषेत उतरवावे लागते. हे काम कोणी करावे आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, हा आरोग्यशास्त्राइतकाच अर्थशास्त्राचाही प्रश्न आहे. केंद्र सरकारच्या मालकीच्या हिंदुस्थान लेटेक्स या कंपनीचा (२००९ पासून एचएलएल लाइफकेअर) इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

ज्ञान ही सार्वजनिक वस्तू मानली जाते. एकाने तिचा उपभोग घेतल्याने दुसऱ्याच्या वाट्यास ती कमी येत नाही आणि पैसे न देणाऱ्यास तिच्यापासून दूर ठेवणेही कठीण असते. कंडोममुळे लैंगिक संबंधांतून पसरणारे रोग कसे टळतात, हे एका कंपनीने स्वखर्चाने समजावून सांगितले, तर ग्राहक शेजारच्या दुकानातून प्रतिस्पर्ध्याचा माल विकत घेऊ शकतो. त्यामुळे खासगी उत्पादकाचा पैसा स्वाभाविकपणे ब्रँडच्या जाहिरातीकडे वळतो; शरीरविज्ञान समजावून सांगण्याकडे वळत नाही. लाभ समाजाला आणि खर्च एकट्याला, अशी ही स्थिती असते. मुंबईत १९२१ मध्ये संततिनियमन केंद्र काढणारे आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविणारे र. धों. कर्वे यांनी असाच खर्च सोसला. त्यात अश्लीलतेच्या खटल्यांची भर पडली ती वेगळीच.

निरोध : विक्री कंपन्यांची, प्रबोधन शासनाचे

१९६८ मध्ये भारताने ‘निरोध’ची योजना देशभर सुरू केली. सामाजिक विपणनाचा हा जगातील आरंभीचा मोठा प्रयोग होय. चहा, साबण, सिगारेट, बॅटरी असा माल खेड्यापाड्यांत पोहोचविणाऱ्या सहा कंपन्यांच्या वितरण जाळ्याचा त्यासाठी उपयोग करण्यात आला. हिंदुस्थान लिव्हर, लिप्टन, ब्रुक बाँड आणि युनियन कार्बाइड या त्यांपैकी काही होत. तीन नगांच्या पाकिटाची किंमत शासनाच्या अनुदानामुळे १५ पैसे ठेवता आली. प्रारंभी माल आयात केला जाई. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान लेटेक्सच्या तिरुवनंतपुरम येथील पेरूरकडा कारखान्यात जपानी तंत्रज्ञानाच्या साहाय्याने १९६९ मध्ये उत्पादन सुरू झाले.

मोफत वाटप आणि सामाजिक विपणन यांतील भेद अभ्यासकांनी ध्यानात घ्यावा. सामाजिक विपणनात वस्तू अनुदानित, परंतु किंमत देऊन विकली जाते. दुकानदारास नफ्याचा वाटा मिळतो आणि म्हणून तो माल ठेवतो. शासनाच्या मोफत ‘माला-एन’ आणि अल्प किमतीच्या ‘माला-डी’ या गोळ्या हे या भेदाचे नेहमीचे उदाहरण आहे. तथापि दुकानदार पाकीट देऊ शकतो, शंकानिरसन करीत नाही. ते काम लाल त्रिकोण, आकाशवाणी, भिंतीवरील घोषणा आणि आरोग्य कर्मचारी यांच्यावर सोपविण्यात आले. घोषणांनी लहान कुटुंबाचा संदेश घरोघर पोहोचविला. शरीर, परस्परसंमती, संसर्ग, आनंद हे विषय मात्र त्यांच्या कक्षेबाहेरच राहिले.

आठवड्याच्या गोळीची कथा

लखनौ येथील केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने डॉ. नित्या आनंद यांच्या नेतृत्वाखाली सेंटक्रोमन (ऑर्मेलॉक्सिफीन) हे स्टेरॉइड नसलेले गर्भनिरोधक विकसित केले. हिंदुस्थान लेटेक्सने ते १९९१ मध्ये ‘सहेली’ या नावाने बाजारात आणले. ही गोळी रोज घ्यावी लागत नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, आणि त्यानंतर आठवड्यातून एकदा, असा तिचा क्रम आहे. पाळी पुढे जाऊ शकते, ही तिच्या परिणामांतील महत्त्वाची बाब. ती आधी सांगितली नाही, तर स्त्री गर्भ राहिल्याच्या धास्तीने गोळी सोडून देण्याची शक्यता असते. म्हणजे येथे माहिती हा औषधाचाच एक घटक ठरतो. वार चुकला तर रसायनाची गुणवत्ता कामास येत नाही.

हेच औषध राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रमात ‘छाया’ या नावाने समाविष्ट होण्यास २०१६ साल उजाडावे लागले. भारतीय संशोधन, भारतीय सार्वजनिक कंपनी आणि भारतीय गरज एकत्र असूनही मध्ये पंचवीस वर्षे गेली. दोन वारांचा क्रम लक्षात राहावा म्हणून पाकिटावरील मांडणी आणि आशा कार्यकर्तीचे मार्गदर्शन यांवर या कार्यक्रमात भर दिला गेला, हे योग्यच झाले.

कंपनीने १९९२ मध्ये हिंदुस्थान लेटेक्स कुटुंब नियोजन प्रवर्तन न्यास स्थापन करून प्रबोधनाचे काम विक्रीपासून काही अंशी वेगळे काढले. ही रचना समर्थनीय आहे. माल खपविणाराच निःपक्षपाती शिक्षक होईल, ही अपेक्षा फारशी रास्त नाही. शासकीय खरेदीत आणखी एक अडचण असते. पुरवठ्याची मागणी नोंदविताना किंमत व दर्जा पाहिला जातो. वापरणाऱ्यास वस्तू समजली की नाही, यावर पुरवठादाराचे देयक अवलंबून नसते.

कायदा आणि आकडे

कायद्याची चौकटही सरळ नाही. औषधी द्रव्ये व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या कलम ३ अन्वये स्त्रियांमधील गर्भधारणा रोखणाऱ्या, तसेच लैंगिक सुखाची क्षमता वाढविणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर निर्बंध आहेत. भोंदू वैद्यांना आळा घालणे हा त्याचा हेतू होता. डिसेंबर २०१७ मध्ये दूरचित्रवाणीवरील कंडोमच्या जाहिराती रात्री १० ते सकाळी ६ याच वेळेत दाखविण्याची सूचना माहिती व प्रसारण मंत्रालयाने दिली. लैंगिकदृष्ट्या उत्तेजक नसलेल्या जाहिरातींना ती लागू नाही, असे त्याच महिन्यात स्पष्ट करण्यात आले. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ खालील सामाजिक दायित्वाच्या निधीतून आरोग्य शिक्षण देता येते. मात्र स्वतःच्या मालाच्या विपणनास लाभ व्हावा म्हणून दिलेले प्रायोजकत्व त्यात गणले जात नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांमध्ये स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, कंडोमचे ९.५, गोळ्यांचे ५.१ आणि पुरुष नसबंदीचे ०.३ टक्के होते. नसबंदीसाठी माहिती एकदाच लागते, तर गोळी व कंडोम यांसाठी ती सतत जवळ असावी लागते. साधनांची ही विषम वाटणी काही प्रमाणात माहितीच्या टंचाईचेच प्रतिबिंब मानावयास हवी. एचआयव्हीबाबत सर्वंकष ज्ञान असणाऱ्या स्त्रिया २१.६ टक्के आणि पुरुष ३०.७ टक्के आढळले. गर्भनिरोधन हे स्त्रियांचेच काम, असे मानणारे पुरुष सुमारे ३५ टक्के होते.

शाळेत ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमाने केला; २००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी त्यास विरोध केला. जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने १० ते १९ वयोगटासाठी समवयस्क शिक्षकांची, म्हणजे ‘साथिया’ची, पद्धत स्वीकारली आणि डिसेंबर २०१६ मध्ये त्यांच्यासाठी संसाधन संच व मोबाइल अॅप प्रसिद्ध झाले. २०११ च्या जनगणनेनुसार या वयोगटाची संख्या सुमारे २५ कोटी होती. सप्टेंबर २०२४ मधील एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने आरोग्य व लैंगिक शिक्षणाच्या सर्वसमावेशक कार्यक्रमासाठी तज्ज्ञ समिती नेमण्याचा विचार करावा, असे केंद्र सरकारला सुचविले. अशा कार्यक्रमासाठी लागणारी शास्त्रीय सामग्री लखनौच्या प्रयोगशाळेत, तिरुवनंतपुरमच्या कंपनीत आणि साथियांच्या संचात विखुरलेली आहे. ती भारतीय भाषांत, कोणत्याही ब्रँडच्या नावाविना एकत्र आणावयाची, तर त्यासाठी अर्थसंकल्पात वस्तूंच्या खरेदीपासून वेगळी तरतूद लागेल.