समुद्रकांठचें घर आणि भरतीची रेषा

यवतमाळांत बसून समुद्राविषयीं लिहावें, हें कित्येक वाचकांस हास्यास्पद वाटेल. आमच्या जिल्ह्यास वर्धा आहे, पैनगंगा आहे, कपाशीचीं शेतें आहेत. समुद्र मात्र नाहीं. तथापि ह्या मासिकाच्या वाचकांपैकीं अनेकांचीं मूळ घरें कोंकणांत आहेत. आजे-पणजे नोकरीच्या निमित्तानें वऱ्हाडांत आले, शाळांत व कचेऱ्यांत रुजले, आणि तिकडे एक कौलारू घर, चार माड, एक विहीर व सातबाराच्या उताऱ्यावर पंधरा नांवें एवढें मागें राहिलें. असें घर भरतीच्या पाण्याजवळ असेल, तर त्याची नुसती डागडुजी करूं म्हणतां काय काय प्रसंग येतात, याचा अनुभव आम्हीं पुरता घेतला आहे.

आमचें घर दापोली तालुक्यांतील एका किनाऱ्यावरच्या गांवीं आहे. जांभ्या चिऱ्यांचें जोतें, मातीच्या भिंती, पुढें ओटी, मागें पडवी. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ नांवाचें चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस किनाऱ्यावर आदळलें व त्यानें दापोली-मंडणगडच्या वाड्याही झोडपून काढल्या. माड आणि पोफळी आडव्या झाल्या. आमच्या घराचीं कौलें उडालीं, आढें मोडलें, आणि मागाहून आलेल्या पावसानें माजघराची एक भिंत बसली.

आमचा पुतण्या पुण्यास असतो. त्यानें महिन्याभरांत नवा बेत आंखला: जुनें घर उतरवावें, जोतें समुद्राच्या बाजूस आठ हात वाढवावें, वर मजला चढवावा, आणि प्रवाशांस खोल्या भाड्यानें द्याव्या. ठेकेदार गांवचाच. त्यानें दूरध्वनीवरून आम्हांस धीर दिला, “मास्तर, किनाऱ्यावर सगळेच बांधतात. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आणला कीं झालें.” उताऱ्यावर आमचें नांव असल्यामुळें संमतिपत्र सहीसाठीं यवतमाळास आलें. आम्हीं सही केली नाहीं. ह्यांत शहाणपण थोडें व भीति अधिक होती. त्याच वर्षाच्या जानेवारींत केरळांतील मरडू येथील इमारती दूरचित्रवाणीवर कोसळतांना आम्हीं पाहिल्या होत्या.

ती हकीकत ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. मरडू हें कोची शहरालगतचें गांव. तेथें खाडीच्या कांठीं सदनिकांचीं चार उंच संकुलें उभीं राहिलीं. २००६ सालीं स्थानिक पंचायतीनें त्यांना रीतसर परवाने दिले होते. परंतु किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाची संमति घेतलेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयानें ८ मे २०१९ रोजीं तीं पाडण्याचा आदेश दिला, आणि ११ व १२ जानेवारी २०२० ह्या दोन दिवसांत तीं सुरुंगांनीं जमीनदोस्त झालीं. राहणाऱ्यांनीं कर्जें काढून घरें घेतलीं होतीं. त्यांस प्रथम पंचवीस-पंचवीस लक्ष रुपये भरपाई देवविण्यांत आली, पण गेलेलें घर गेलें. महाराष्ट्रांतही किहीमच्या किनाऱ्यावरील नीरव मोदी यांचा बंगला रायगडच्या प्रशासनानें ८ मार्च २०१९ रोजीं सुरुंग लावून पाडला होता. धनिकाचें घर पडलें म्हणून आम्हांस वाईट वाटलें नाहीं. परंतु पंचायतीचा दाखला हातांत असूनही घर पडूं शकतें, हें मरडूनें दाखविलें होतें, आणि आमच्या ठेकेदाराचा सारा धीर नेमका त्या दाखल्यावर होता.

मग आम्हीं नियम मागवून वाचले. त्यांचा उगम कालपरवाचा नाहीं. नोव्हेंबर १९८१ मध्यें तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनीं किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांस पत्र लिहून, मोठ्यांत मोठ्या भरतीपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवावा असें कळविलें होतें. पुढें १९८६ सालीं पर्यावरण संरक्षणाचा कायदा झाला, व त्याअन्वयें १९ फेब्रुवारी १९९१ रोजीं किनारा नियमनाची पहिली अधिसूचना निघाली. तिच्या जागीं २०११ सालीं दुसरी व १८ जानेवारी २०१९ रोजीं तिसरी आली. लोक तिला ‘सीआरझेड’ ह्या आद्याक्षरांनींच ओळखतात.

सारें गणित एका रेषेवर बसविलेलें आहे. उधाणाच्या भरतीचें पाणी जमिनीवर जेथपर्यंत चढतें ती भरतीची रेषा. संस्कृतांत ‘वेला’ ह्या एकाच शब्दाचे अर्थ किनारा, भरती, काळ व मर्यादा असे होतात, हें आम्ही मुलांस वर्षानुवर्षें शिकवीत आलों. पण त्या मर्यादेचा नकाशा असतो, हें साठीच्या घरांत कळलें! तिच्यापासून ५०० मीटरपर्यंतची जमीन नियमनाखालीं येते, व त्यांतही खेडेगांवच्या किनाऱ्यावर सामान्यतः पहिले २०० मीटर ‘ना-विकास क्षेत्र’ होय. २०१९ च्या अधिसूचनेनें दाट वस्तीच्या खेड्यांपुरतें, म्हणजे २०११ च्या शिरगणतीप्रमाणें दर चौरस किलोमीटरास २१६१ हून अधिक माणसें असतील तेथें, हें अंतर ५० मीटरवर आणलें. मात्र जिल्ह्याचा नवा किनारा-नकाशा केंद्र सरकारकडून मंजूर होईपर्यंत जुनेच नियम चालतात. सवलतीची बातमी ऐकून जे बांधकामास धांवतात, ते हा अर्धा भाग ऐकतच नाहींत.

परशुरामानें बाण मारून समुद्र मागें हटविला ही कथा आपण सर्वांनीं ऐकली आहे; त्यानें कोणा कचेरींत अर्ज केल्याचें ऐकिवांत नाहीं. असो.

आमचें घर रेषेपासून सुमारें १३० मीटरांवर निघालें, म्हणजे ना-विकास क्षेत्रांत. पुतण्या हताश झाला. परंतु नियम नीट वाचतां आढळलें कीं, अशा क्षेत्रांतही पूर्वीपासून असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती, किंबहुना पुनर्बांधणीही, करतां येते. अट एवढीच कीं जोत्याचें क्षेत्र व चटई क्षेत्र पूर्वीं होतें त्याहून वाढतां कामा नये. म्हणजे वाढविलेलें जोतें नाहीं आणि वरचा मजलाही नाहीं. घर मात्र राहतें. २०० मीटरांच्या पलीकडे असतों, तर तेथल्या रहिवाशांस तळमजला व एक मजला, नऊ मीटर उंचीच्या आंत, अशी मुभा असते.

आतां ‘अधिकृत’ हा शब्द फार जड आहे. आमच्या आजोबांनीं घर बांधलें तेव्हां नकाशा मंजूर करून घेण्याची पद्धत त्या गांवांत नव्हती. घर १९९१ च्या पूर्वींचें आहे, आणि तें एवढेंच होतें, हें सिद्ध कसें करावें? ह्या वेळीं आमच्या वडिलांची आठवण उपयोगीं पडली. तेही यवतमाळांत शिक्षक होते. दर वर्षीं एप्रिलांत ते गांवची घरपट्टी मनिऑर्डरीनें पाठवीत. आईची जुनी ट्रंक उघडली, तों तळाशीं तांबड्या फडक्यांत बांधलेल्या पावत्या सांपडल्या. सर्वांत जुनी १९५७ ची. पुढें ग्रामपंचायतींतून नमुना आठचे जुने उतारे काढले, तेव्हां त्यांतील माप व पावत्यांतील आकारणी जुळली. ज्या घरांत आमचे वडील उभ्या आयुष्यांत मिळून वर्षभरही राहिले नसतील, तें त्यांनीं चार-आठ आण्यांच्या मनिऑर्डरींनीं राखून ठेविलें होतें.

पण त्याच उताऱ्यांनीं आमचीही एक चूक उघडी केली. २००४ च्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्हीं स्वतः उभें राहून समुद्राच्या बाजूस विटा-सिमेंटाच्या दोन खोल्या बांधून घेतल्या होत्या. परवाना घ्यावा असें मनांतही आलें नव्हतें. आमच्या मातोश्री शेवटचे चार महिने त्यांपैकीं एका खोलींत होत्या. रात्रीं लाट ऐकूं येते म्हणून त्यांनींच ती मागून घेतली होती. आमच्या वास्तुविशारदानें स्पष्ट सांगितलें, “ह्या खोल्या ठेवून अर्ज केलात, तर जुनें घरही संशयांत येईल.” पुतण्याचें म्हणणें उलट. “काका, आजवर कोणी विचारलें नाहीं. तुम्ही स्वतःच होऊन कां दाखवितां?” तो वाईट मनुष्य नव्हे. आजूबाजूस दहा बांधकामें उभीं दिसत असतां आपल्याच घरावर पहार कां चालवावी, ह्या त्याच्या प्रश्नास आमच्यापाशीं आजही पुरतें उत्तर नाहीं. दोन महिने आमच्यांत बोलणें नव्हतें. शेवटीं खोल्या आमच्या होत्या, म्हणून निर्णय आम्हीं घेतला. पाडण्याच्या दिवशीं सौभाग्यवतीनें त्या खोलीची खिडकी चौकटीसह काढून यवतमाळास आणविली.

पुढील कथा रटाळ आहे, तरी ज्यांना ह्याच वाटेनें जावयाचें आहे त्यांनीं ऐकावी. प्रथम भूमि अभिलेख खात्याकडून मोजणी, नंतर अधिकृत संस्थेकडून एकास चार हजार प्रमाणाचा नकाशा, ज्यावर भरतीची रेषा व आपलें घर दोन्ही दाखविलेलीं असतात. अशा संस्था मोजक्याच आहेत: अहमदाबाद, गोवें, चेन्नई, तिरुवनंतपुरम अशा ठिकाणीं. मग प्रकरण स्थानिक कचेरीमार्फत मुंबईस राज्याच्या सागरकिनारा प्राधिकरणाकडे. साठ दिवसांत शिफारस व्हावी असें नियमांत आहे. परंतु ते साठ दिवस कागद पुरे झाल्यापासूनचे. आमचे कागद दोनदां परत आले, आणि दोष कचेरीचा नसून आमच्या घराण्याचा होता. पंधरा नांवांपैकीं नऊ माणसें निवर्तलेलीं, आणि एकाही वारसाची नोंद नाहीं. बेळगांव, इंदूर व अमेरिका येथून सह्या मिळवितां मिळवितां दीड वर्ष गेलें. तेवढा काळ घरावर ताडपत्री होती.

एक गोष्ट नव्यानें अर्ज करणाऱ्यांस सोयीची आहे. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणें ३०० चौरस मीटरपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घरास स्थानिक प्राधिकरणच मंजुरी देऊं शकतें, मुंबईच्या शिफारशीची गरज नाहीं. पण तें प्राधिकरणही प्रस्ताव किनारा नियमांच्या कसोटीला लावूनच पाहील. तेव्हां ठेकेदारास इसार देण्यापूर्वीं नकाशा पाहावा, आणि त्याही आधीं वारसांच्या नोंदी पाहाव्या.

येथले आमचे शेजारी म्हणाले, “हा तुम्हां कोंकण्यांचा प्रश्न.” पण नद्यांच्या कांठींही अशाच रेषा असतात. पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्याची तांबडी; निळीच्या आंत बांधकामास मनाई, दोहोंच्या मध्यें निर्बंध. २२ जुलै २०२३ रोजीं आमच्याच जिल्ह्यांत महागांव तालुक्यांतील आनंदनगर पाण्यानें वेढलें गेलें व हवाई दलाचीं हेलिकॉप्टरें बोलवावीं लागलीं. त्यानंतर शेजाऱ्यांनीं आपल्या नव्या भूखंडाचा नकाशा आमच्याकडे आणून दाखविला.

घरावर मे २०२३ मध्यें पुन्हां मंगलोरी कौलें चढलीं. जोतें तेंच, ओटी तीच, समोर दोन खोल्यांच्या जागीं आतां नुसतें अंगण. पुतण्याचा उद्योगही अगदींच बुडाला नाहीं. जोतें, रचना व दर्शनी भाग न बदलतां स्थानिकांनीं घरांत पाहुणे ठेवावे, ही मुभा २०१९ च्या अधिसूचनेंत आहे. त्याप्रमाणें पडवीकडील दोन खोल्या तो हिंवाळ्यांत प्रवाशांस देतो, आणि गावांतच राहणारा आमचा चुलतभाऊ व त्याची पत्नी त्यांस मोदक करून घालतात. मोदकांचे पैसे वेगळे. घरपट्टी अद्याप आम्हीच भरतों. पावती आतां संगणकावर येते. ती छापून घेऊन आम्ही त्याच तांबड्या फडक्यांत ठेवितों.