टिपिकल फ्लोअर

सकाळी साडेनऊ. टॉवरची सेंट्रल फाइल उघडायला पाव तास लागतो, तेवढ्यात चहा होतो. रेव्हिटमध्ये सगळी इमारत एकाच फाइलीत असते आणि आम्ही दहाबाराजण तिच्यावर एकदम काम करतो. आपापले बदल ‘सिंक’ मारून मुख्य फाइलीत टाकायचे. दोघांनी एकदम मारलं तर एकाने ताटकळायचं. त्यामुळे दिवसभर हॉलमध्ये ‘सिंक करतेय, थांबा रे’ अशा हाका. ऑफिस मोठं, लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात. फसाड एका टीमकडे, इंटिरियर दुसरीकडे, महापालिकेची कामं तिसरीकडे, रेंडर काढणारे वेगळेच. माझ्याकडे टिपिकल फ्लोअर. म्हणजे एकच मजला, पण चाळीस वेळा बांधला जाणारा. लोकांना हे काम रटाळ वाटतं. मला नाही वाटत. लॉबीत काही चुकलं तर एक दगड बदलतो. इथे एक रेघ सरकली की चाळीस बाथरूम सरकतात.

दहा. साइटवरून आरएफआय, म्हणजे लेखी शंका, आलीय. मास्टर टॉयलेटचा ड्रेनेज पाइप स्लॅबखालून शाफ्टकडे जाताना बीमला आडवा येतोय. परवा पहिला टिपिकल स्लॅब. काय करायचं ते आज सांगा.

पूर्वी असल्या प्रश्नाला छिन्नी-हातोडा हे उत्तर होतं. आता काम मिवानचं, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्रच ओतायचे. वायरिंगचे पाइप, खिडक्या, भोकं, सगळं काँक्रीट पडायच्या आधी जागेवर हवं. नंतर कुणी ड्रिल घेऊन भिंतीकडे नुसतं बघितलं तरी स्ट्रक्चरवाले पत्र पाठवतात.

अकरा. कोऑर्डिनेशन कॉल. स्ट्रक्चरवाले, प्लंबिंगवाले, कंत्राटदार आणि आम्ही. कमोडचा पाइप ११० मिलिमीटरचा, शिवाय त्याला उतार हवा. बीममध्ये तेवढी स्लीव्ह, म्हणजे पाइपसाठीचं भोक, चालेल का? स्ट्रक्चरवाले म्हणतात, कॉलमच्या इतक्या जवळ नाही चालणार. ७५ची असेल तर बघू. प्लंबिंगवाले म्हणतात, मग शाफ्टच अलीकडे घ्या. शाफ्ट अलीकडे घेतला तर बेडरूममधलं कपाट जातं. फ्लॅट विकले गेलेत, नकाशा ‘रेरा’त नोंदलेला आहे. विकलेल्या घराच्या मंजूर नकाशात घेणाऱ्याच्या संमतीशिवाय मोठा फेरफार करता येत नाही. बिल्डरच्या सेल्सवाल्यांना हे आमच्यापेक्षा पाठ असतं.

तासाभराने मी सुचवलं, कमोड काटकोनात फिरवून शाफ्टच्या भिंतीला टेकवू. मोठा पाइप थेट शाफ्टमध्ये जाईल, बीममधून फक्त बेसिन आणि शॉवरची ७५ची लाइन. सगळ्यांनी मान डोलावली. तेवढ्यात बिल्डरचा माणूस म्हणाला, ‘एकदा वास्तुवाल्यांना दाखवून घ्या.’

दीड. डबा. आमच्याकडे एक इंटर्न आहे, बी.आर्क.च्या प्रॅक्टिकल ट्रेनिंगला आलेली. कॉलेजात तिने संग्रहालय डिझाइन केलं होतं. इथे आल्यापासून दारांचं शेड्यूल भरते आहे. आज तिने विचारलं, चार्ल्स कोरियांच्या कांचनजंगासारखं आपण का नाही करत? कंबाला हिलवरची १९८३ साली पूर्ण झालेली ती इमारत, ३२ घरं, पूर्व-पश्चिम आरपार वारा, आणि ऊन-पाऊस घरात शिरू नये म्हणून कोपऱ्यांत दोन मजली उंचीचे खोल व्हरांडे. ती फिरून बघण्याजोगीच आहे. पण मुंबईत २०१२ पर्यंत बाल्कन्या नि फ्लॉवरबेड एफएसआयमध्ये, म्हणजे मंजूर बांधकाम क्षेत्रात, मोजत नसत, म्हणून बिल्डर ते नकाशात दाखवायचे आणि मग भिंत पाडून खोलीत घ्यायचे. त्या वर्षी नियम बदलले. सगळं मोजायला लागले आणि घरांसाठी ३५ टक्क्यांपर्यंत जादा, ‘फंजिबल’ एफएसआय प्रीमियम भरून मिळू लागला. मोठी लबाडी थांबली हे चांगलंच झालं. पण आता मोकळ्या व्हरांड्याच्या प्रत्येक फुटाला खोलीच्या फुटाशी भांडावं लागतं, आणि त्या भांडणात खोलीच जिंकते. इंटर्नला हे पटलं नाही. न पटो, अजून वय आहे.

तीन. आजचा सगळ्यात चांगला तास. याच प्लॉटवर आधी उपकरप्राप्त चाळ होती. विकास नियमावलीच्या ३३(७)खाली पुनर्विकास, म्हणजे जुन्या भाडेकरूंना किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राची घरं, आणि शेजारी विक्रीचा टॉवर. ऑफिसात सगळा जीव टॉवरवर. लॉबीच्या दगडासाठी महिनोन्महिने नमुने येतात. पुनर्वसनाच्या इमारतीचा नकाशा मात्र मागच्या प्रकल्पातून उचलून थोडा ताणला जातो. हे मला आवडत नाही आणि मी ते बोलूनही दाखवलंय. त्यामुळे भाडेकरूंच्या कमिटीसमोर जायचं काम माझ्याकडे आलं असावं.

कमिटीत बहुतेक गिरणी कामगारांच्या घरातले. त्यांना एलिव्हेशनशी देणंघेणं नाही. एका आजोबांनी नकाशावर बोट ठेवून विचारलं, मोरी कुठंय? बाथरूम दाखवलं तर म्हणाले, भांडी पण तिथंच घासायची का? म्हणजे ड्राय बाल्कनी हवी. ती तीन फुटांची का होईना, काढावी लागेल. मग मागे बसलेल्या काकू उठल्या.

‘ताई, दार उघडलं की समोर संडास. जिन्यातून जाणाऱ्या-येणाऱ्याला पण दिसणार. पाहुण्यांना काय सांगायचं, तोंड फिरवून बसा?’

आमच्या चार पायऱ्यांच्या तपासणीत हे कुणालाच दिसलं नव्हतं. एफएसआय बरोबर, वायुवीजन बरोबर, जिन्याची रुंदी बरोबर. मी प्रिंटवरच स्केचपेनने संडासाचं दार बाजूच्या भिंतीत नेलं. काकूंनी कागद उलटसुलट करून बघितला, मग म्हणाल्या, ‘आता फ्रीज कुठं?’ त्यावर अर्धा तास गेला. शेवटी फ्रीज ओट्याच्या टोकाला बसला.

साडेचार. वास्तुवाल्यांचा फोन. कमोडचं तोंड उत्तर-दक्षिणच हवं, फिरवायचं नाही. ठीक. मग फिरवायचं नाही, सरकवायचं: बेसिन आणि कमोडची अदलाबदल, तोंड होतं तेच. पाइपचं गणित तसंच राहतं. मी बदल केला, सिंक मारणार तेवढ्यात काकू आठवल्या. बेडरूममधून बघितलं तर दार उघडताच समोर कमोड. करोडोंच्या फ्लॅटमध्येही. दाराची बिजागरी दुसऱ्या बाजूला घेतली, आता फळी उघडली की आडोसा होतो. दार पलटलं तसा लाइटचा स्विचही भिंत बदलून गेला, म्हणजे इलेक्ट्रिकलवाल्यांना फोन.

सहा ते साडेसात. रिलीज. बदललेल्या जागेभोवती रिव्हिजन क्लाउड, टायटल ब्लॉकमध्ये आर-४, दारांचं शेड्यूल जुळवून. हे इंटर्नने केलं, चोख केलं. चेकरने लाल पेनने दोन मापं पकडली. तयार शीट्स ‘गुड फॉर कन्स्ट्रक्शन’ शिक्क्यासह साइटला. पलीकडे रेंडरवाले उद्याच्या प्रेझेंटेशनसाठी टॉवरमागचा उड्डाणपूल पुसून तिथे झाडं लावत होते.

आठ. बॅग भरली आणि साइट इंजिनिअरचा फोन.

‘मॅडम, आर-४ मिळाला. पण रेफ्यूजच्या वरच्या मजल्यावर काय करायचं?’

मुद्दा बरोबर होता. आगीच्या वेळी रहिवाशांना थांबायला २४ मीटरच्या वर पहिली आणि मग दर सातव्या मजल्याला मोकळी जागा ठेवावी लागते. तिच्या डोक्यावरच्या फ्लॅटचे पाइप त्या मोकळ्या जागेच्या छताला लटकणार. तिथे फॉल्स सीलिंग नाही, उंची कमी करता येत नाही. म्हणजे चाळीसांतले काही मजले टिपिकल नाहीतच.

‘उद्या अकरापर्यंत देते.’

‘दहा करा ना मॅडम. प्लंबर साडेदहाला दुसऱ्या साइटवर पळतो.’