यंत्रमाग शेडची वीजजोडणी

सांगली जिल्ह्यातील विटा (तालुका खानापूर) हे शहर यंत्रमागांसाठी ओळखले जाते. माग घरापासून वेगळ्या शेडमध्ये बसविल्यास तेथील वीजजोडणीचा खर्च मुख्यतः एकूण भार आणि केबलची लांबी यांवर ठरतो. साध्या मागास साधारणतः १ अश्वशक्तीची, म्हणजे ७४६ वॅटची मोटर असते. आठ मागांचा भार सुमारे ६ किलोवॅट होतो. अंतर दुप्पट झाले की त्याच केबलमधील विद्युतदाबाची घटही दुप्पट होते. त्यामुळे अधिक जाड केबल घ्यावी लागते आणि अंदाजपत्रक तेथेच फुगते. दिवे व बटणे यांचा खर्च त्यामानाने किरकोळ असतो.

घरगुती मीटरवरूनच शेडला वायर ओढणे वरवर स्वस्त वाटते. परंतु महावितरणच्या दरपत्रकात यंत्रमागांचा वर्ग स्वतंत्र आहे. मंजूर प्रयोजनाबाहेरचा वापर आढळल्यास विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ नुसार दुप्पट दराने आकारणी होते. नव्या जोडणीसाठी जोडणी आकार व सुरक्षा ठेव भरावी लागते, तसेच परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल द्यावा लागतो. अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ईएलसीबी यांवरील काटकसर मात्र धोक्याची ठरते. मागावरून उडणारे सुताचे बारीक तंतू मोटरीवर व वायरिंगवर साचतात आणि पेट घ्यायला त्यांना एखादी ठिणगीही पुरते.