केसांचा टोप : निवड आणि निगा



टोपाचा विषय निघाला की सभागृहात आधी खसखस पिकते. ती पिकू द्यावी. टक्कल हा आपल्याकडे विनोदाचा हक्काचा विषय आहे. पण हे हसू पन्नाशीच्या पुरुषाच्या टकलापुरतेच असते. तरुण बाईचे केस गेले की घरातल्या आरशावर पडदा पडतो, आणि दहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर रुपयाएवढाले चट्टे दिसू लागले की ती शाळेत जायला कां-कूं करू लागते. त्या घरात कोणी हसत नाही.

याचे कारण केवळ सौंदर्याची हौस नव्हे. आपल्या समाजाने केस नसलेल्या बाईला एक अर्थ चिकटवून ठेवला होता. काही जातींत विधवेचे केशवपन करण्याची रूढी होती, आणि ज्या बाईच्या डोक्यावर केस नाहीत तिचे सौभाग्य गेलेले, असे पाहणारा मनाशी समजत असे. १८९० साली मुंबईच्या न्हावी मंडळींनी सभा भरवून, विधवांच्या डोक्यावर आम्ही वस्तरा चालवणार नाही, असे ठरवले. सुधारकांच्या मोठमोठ्या निबंधांइतकेच या हातावर पोट असलेल्या कारागिरांचे मोल आहे, असे मला वाटते. रूढी मोडली, पण नजरेतला तो अर्थ पुरता पुसला गेलेला नाही. कर्करोगाच्या औषधांनी केस गेलेली बाई जिन्यात दिसली की शेजारीण आजही एक क्षण बिचकते. टोप घ्यावा की नाही हा प्रश्न त्या बाईपुढे येतो तो हा क्षण टाळण्यासाठी.

केस का जातात हे आधी थोडक्यात पाहू. कारण कोणता टोप घ्यायचा हे त्यावर ठरते. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यांतले पन्नास ते शंभर रोज गळतात आणि त्यांच्या जागी नवे येतात. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतो. टायफॉईडसारखा मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा कोविड यांच्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने गळतात. हे भयंकर दिसते, पण ही गळती बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबते. तिथे टोपाची घाई करू नये. दुसरा प्रकार चाईचा. ‘किडा लागला’ असे आपण म्हणतो, पण किडा वगैरे काही नसतो. शरीराची संरक्षक यंत्रणाच केसांच्या मुळांवर उलटते. ही चाई कधी आपोआप भरून येते, कधी सगळे डोके व्यापते. तिच्यावर अलीकडे नवी औषधे निघाली आहेत, ती त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. तिसरा प्रकार कर्करोगावरील औषधांचा. ज्या औषधांनी केस जातात, त्यांच्या पहिल्या मात्रेनंतर दोन-तीन आठवड्यांत गळती सुरू होते आणि उपचार संपल्यावर एक ते तीन महिन्यांत नवी लव दिसू लागते. आणि चौथे आनुवंशिक टक्कल, ते जन्माचे सोबती.

कधी कधी कारण भलतीकडेच निघते. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड वगैरे गावांत माणसांचे केस तीन-चार दिवसांत हातात येऊ लागले. बाधितांचा आकडा अडीचशेच्या वर गेला. आधी संशय पाण्यावर आणि शांपूवर घेतला गेला. विंचूदंशावरील संशोधनाने प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपास करून, खाण्यातल्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण फार जास्त आहे, असे मत मांडले. पुष्कळांचे केस पुढे उगवू लागले. परंतु त्या दिवसांत त्या गावांतल्या माणसांवर लोकांनी जवळजवळ बहिष्कारच घातल्यासारखे केले, हे विसरण्याजोगे नाही. केस जाणे हा स्पर्शाने लागणारा रोग आहे असा समज अजून घट्ट आहे. चाई, टक्कल, औषधांची गळती यांतले काहीही दुसऱ्याला लागत नाही. लहान मुलांना होणारी बुरशीची खरूज तेवढी लागते. ती डॉक्टर ओळखतात.

आता टोपाकडे वळू. टोप आपल्याला परका नाही. संगीत रंगभूमीवर पुरुषांनी स्त्रीभूमिका गाजवल्या त्या टोपाच्या आणि गंगावनाच्या आधारावर. लांबसडक वेणीसाठी गंगावन लावणे तर घरोघर होते; आजीच्या पेटीत ते सापडे. पण नाटकातला टोप आणि रोजचा टोप यांत अंतर आहे, आणि ते अक्षरशः अंतराचेच आहे. नाटकाचा टोप वीस फुटांवरून पाहायचा असतो. लोकलच्या डब्यात समोरची बाई दीड फुटावर बसलेली असते. तिच्या डोळ्यांना तीन जागा दिसतात: कपाळावरची केसांची कड, भांग आणि केसांची दाटी. टोप फसतो तो याच तीन ठिकाणी.

स्वस्त टोपात केसांच्या झालरी यंत्रावर शिवून टोपीला जोडलेल्या असतात. त्यात भांगाच्या जागी कातडी दिसत नाही, नुसती शिवण दिसते. महाग टोपात बारीक जाळीवर एकेक केस हाताने गाठ मारून बसवतात. जाळीतून स्वतःची कातडी दिसते आणि भांग खरा वाटतो. काहींत पुढची कड आणि भांग तेवढा जाळीचा आणि बाकीचा झालरींचा असतो. मध्यम खिशाच्या माणसाने हाच घ्यावा. दाटीबाबत मात्र मोह आवरावा. दुकानात बसलेल्या गिऱ्हाईकाला वाटते, पैसे द्यायचेच तर घनदाट का घेऊ नये? चाळिशीच्या बाईच्या डोक्यावर सोळा वर्षांच्या मुलीची दाटी आली की तीच टोपाची चुगली करते. रंगही आपल्या मूळ रंगापेक्षा किंचित फिका आणि दोन-चार पांढऱ्या केसांचा असावा. काळाभोर एकरंगी केस निसर्गात फार थोड्यांचा असतो.

केस खरे घ्यावेत की कृत्रिम? कृत्रिम धाग्याचे आपल्या भागाला नवल नाही. शहाडच्या कारखान्यात कृत्रिम रेशमाचा धागा निघतो हे उल्हासनगरकरांना सांगायला नको. टोपाचा धागा मात्र वेगळ्या जातीचा, प्लॅस्टिकच्या कुळातला. तो स्वस्त, हलका, धुतल्यावर पुन्हा आपल्या वळणावर येणारा. पण उष्णतेपुढे तो टिकत नाही. कुकरची शिटी काढताना आलेली वाफ, कढईतल्या तेलाची धग, आरतीचे निरांजन, होमाची ज्वाळा, यांपैकी एकाने पुढच्या बटा क्षणात आखडतात आणि मग त्या सरळ होत नाहीत. ज्या बाईला दोन वेळचा स्वयंपाक करायचा आहे तिने कृत्रिम टोप स्वयंपाकघराबाहेर ठेवावा आणि आत सुती रुमाल बांधावा. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत भट्टीजवळ काम करणाऱ्यालाही हेच लागू. आणि लेथसारख्या फिरत्या यंत्राजवळ कोणताही सैल टोप घालू नये. तिथे प्रश्न दिसण्याचा नाही, जिवाचा आहे.

खऱ्या केसांचा टोप टिकाऊ आणि महाग. त्यातही एक गोम आहे. केसावर कौलांसारखे बारीक खवले असतात, मुळाकडून टोकाकडे एकावर एक रचलेले. सगळ्या केसांची मुळे एका दिशेला ठेवून टोप केला तर केस एकमेकांवरून सरकतात. उलटसुलट मिसळले तर कौले कौलांत अडकतात आणि गुंता होतो. बटेवरून बोटे आधी वरून खाली, मग खालून वर फिरवून पाहावीत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने किंचित खरखरीत लागले तर माल बरा. या केसांचा मोठा पुरवठा आपल्याच देशातून होतो. तिरुपतीला भाविक मुंडण करतात ते केस लिलावाने विकले जातात आणि जगभर जातात. २००४ साली यावरून एक चमत्कारिक वाद उठला. सनातनी ज्यू पंथातल्या विवाहित स्त्रिया आपले केस टोपाखाली झाकतात. हे केस दुसऱ्या धर्माच्या देवाला वाहिलेले आहेत असे त्यांच्या धर्मगुरूंनी ठरवले आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर टोपांच्या होळ्या झाल्या. तिरुपतीच्या गोविंदाला याची दखलही नसेल.

खरे म्हणून कृत्रिम विकण्याचा धंदा सर्वत्र चालतो. ‘मेड इन यू.एस.ए.’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. १९४९ साली लष्करी छावणीच्या बराकींत, होते नव्हते ते सोडून आलेल्या माणसांनी हे शहर बाजारपेठ म्हणून उभे केले, त्यामुळे त्या विनोदात हेव्याचा भाग अधिक असावा. असो. चिठ्ठीवर विसंबण्यापेक्षा दुकानदाराच्या परवानगीने टोपाच्या आतल्या बाजूचा एक केस चिमट्यात धरून जाळावा. खरा केस जळकट वास देतो आणि राख बोटांत चुरते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. दोघांची मिसळ असेल तर दोन-तीन ठिकाणचे केस पाहावे लागतात.

माप घेण्याची रीत सोपी आहे. शिंप्याची फीत कपाळावरच्या केसांच्या कडेवरून, कानांच्या वरून, मानेच्या खोलगट भागापर्यंत फिरवावी. मोठ्यांचे माप बहुधा साडेएकवीस ते साडेबावीस इंच भरते. केस गेल्यावर डोके थोडे लहान होते, म्हणून मागे आवळायच्या पट्ट्या असलेला टोप घ्यावा. उपचार सुरू व्हायचे असतील तर केस असतानाच एक बट कापून ठेवावी आणि समोरून, बाजूने छायाचित्र काढावे. परळच्या टाटा रुग्णालयात, १९४१ पासून चालू असलेल्या त्या संस्थेत, बदलापूरहून पहाटेची गाडी पकडून जाणारी माणसे आपण पाहतो. त्यांना उपचारांच्या मध्यात टोपाची दुकाने हिंडायला ताकद उरत नाही. हे काम आधी उरकावे.

पुरुषांत सध्या अर्धा टोप डिंकाने किंवा चिकटपट्टीने बसवण्याची चाल आहे, त्याला दुकानदार पॅच म्हणतात. डिंक आधी कानामागे लावून दोन दिवस थांबावे. खाज, लाली आली तर तो आपल्यासाठी नव्हे. आणि दोन-तीन आठवड्यांनी पॅच काढून कातडी स्वच्छ धुवावी लागते. हा खर्च आणि खटाटोप विक्रीच्या वेळी कोणी सांगत नाही. लग्न ठरवताना पॅच लपवणे मला मुळीच पसंत नाही. मुलीकडच्यांना एका वाक्यात सांगून टाकावे. पुढे कोर्टाच्या पायऱ्या चढण्यापेक्षा ते वाक्य सोपे असते.

निगेचे म्हणाल तर आपली हवा टोपाची वैरीण आहे. चैत्र-वैशाखात बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि आषाढात भिंतींना ओल येते. उन्हाळ्यात आठ-दहा वेळा घातल्यावर टोप धुवावा. आधी कोरडाच विंचरावा, टोकांपासून सुरुवात करून वर जावे. मग गार पाण्यात सौम्य शांपू कालवून त्यात बुडवावा, चोळू नये, पिळू नये. टॉवेलात गुंडाळून दाबावा आणि उंच डब्यावर किंवा टोपाच्या ठोकळ्यावर सावलीत वाळवावा. कृत्रिम टोप ओला असताना फणी लावायची नाही. पावसाळ्यात कपाटात ठेवण्यापूर्वी तो पुरता वाळलेला हवा, नाहीतर आतल्या जाळीला बुरशी धरते आणि ती डोक्याला लागते. खोबरेल तेलाची सवय सुटत नसेल तर ते रात्री डोक्याला लावावे आणि सकाळी धुऊन टाकावे. तेलकट डोक्यावर टोप घसरतो आणि गाठी सुटतात. टोप घालून झोपू नये. आत पातळ सुती टोपी घालावी, ती रोज धुवावी.

भांगात सिंदूर भरणाऱ्या भगिनींनी तो जाळीवर कोरडा चोळू नये, डाग जात नाही. कपाळाच्या कडेशी टिकलीएवढा लावावा. गजरा माळायचा तर पिन मागच्या झालरीत खोवावी, जाळीत नव्हे. खिडकीशी बसून वारा खाण्याचे सुख मात्र पट्ट्या आवळल्याशिवाय घेऊ नये.

आणि टोप घेतलाच पाहिजे असेही नाही. अंबरनाथच्या शिवालयावर, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० च्या शिलालेखाच्या त्या देवळावर, स्त्रीमूर्तींच्या केशरचना शिल्पकारांनी मन लावून कोरल्या आहेत. केसांचे कौतुक आपल्याला इतके जुने आहे. तरीही सुती रुमालात किंवा ओढणीत बाई सहज वावरू शकते. घरात तर डोके मोकळेच बरे. लहान मुलाला टोप घालण्याआधी त्याला विचारावे. पुष्कळदा आईला तो हवा असतो, मुलाला नको असतो.

पैशाची अडचण असेल तर दान केलेल्या केसांचे टोप रुग्णांना देणाऱ्या संस्था आहेत. मुंबईत मदत ट्रस्टचे हे काम चालते. केस द्यायचे असतील तर साधारण बारा इंच लांबी लागते. केस धुऊन पूर्ण वाळवावे, वर रबर बांधावे आणि रबराच्या वरून कापावे, म्हणजे मुळे एका दिशेला राहतात. ओले केस पाकिटात घातले तर वाटेतच कुजतात. ज्यांचे स्वतःचे केस परत आले अशा बायाही आपला टोप दुसरीला देतात. तो धुऊन, वाळवून, आतली सुती टोपी नवी घालून द्यावा आणि पिशवीत मापाची चिठ्ठी ठेवावी.